कॅमेरा तिथेच का ठेवला?

रोममधल्या एका गहाणवटीच्या पेढीत नवराबायको उभे आहेत. नवऱ्याला कितीतरी दिवसांनी काम मिळालंय, भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं. कामावर यायचं तर सायकल हवी, आणि सायकल आधीच गहाण पडलेली. मग बायकोनं पलंगावरच्या चादरी ओढून काढल्या आणि त्या ठेवून सायकल सोडवायचं ठरवलं. खिडकीपलीकडचा कारकून चादरी तपासतो, आकडा सांगतो, ती थोडे वाढवून मागते, सौदा होतो. गोष्ट पुढे न्यायला एवढं पुरेसं होतं. पण सायकल हातात यायच्या बेतात असताना नवऱ्याची नजर आत जाते. तिथला माणूस त्यांच्या चादरींचं गाठोडं घेऊन एका उंच मांडणीवर चढतोय. कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो. कप्प्यावर कप्पा, आणि प्रत्येक कप्प्यात तशीच गाठोडी, पार वरपर्यंत.

व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज' या 1948 सालच्या चित्रपटातला हा शॉट जेमतेम काही सेकंदांचा आहे. त्यात एक शब्द कुणी बोलत नाही. तरी तो संपतो तेव्हा एका घराची अडचण अख्ख्या शहराची झालेली असते. किती घरांतल्या गाद्या आज उघड्या पडल्या असतील, याचा हिशेब आपण मनातल्या मनात करायला लागतो. युद्धानंतरच्या इटलीतल्या बेकारीबद्दल इतिहासाच्या पुस्तकात जे प्रकरणभर लिहिलेलं असतं, ते इथे कॅमेरा वर उचलून सांगितलंय. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो.

चित्रपट अभ्यासाच्या परीक्षेत 'विश्व चित्रपट' या विषयावर निबंध लिहायचा असतो, तेव्हा सगळी तयारी याच काट्यापासून सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. बहुतेक विद्यार्थी तयारी सुरू करतात ती याद्यांपासून: इटालियन नववास्तववाद, फ्रेंच नवलाट, जपानचे तीन मोठे दिग्दर्शक, आफ्रिकी चित्रपटाचे जनक. सालं पाठ होतात, कथानकं पाठ होतात, आणि उत्तरपत्रिकेत दोन पानं गोष्ट सांगण्यात खर्च होतात. परीक्षकाला गोष्ट माहीत असते. त्याला हवं असतं ते तुमचं बघणं. आणि बघण्याची सुरुवात एका साध्या प्रश्नानं होते: कॅमेरा तिथेच का ठेवला? दुसरीकडे ठेवता आला असता, शॉट आधी तोडता आला असता, पात्राला बोलू देता आलं असतं. यातलं काहीच न करता दिग्दर्शकानं हेच का केलं? प्रत्येक चौकट हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णयाच्या मागे कारण असतं. कधी ते कलेचं असतं, कधी पैशाचं, कधी कायद्याचं, कधी सगळ्यांचं मिळून. ते कारण शोधून शॉटला जोडून दाखवणं म्हणजेच या विषयाचा निबंध.

'वास्तव' हेही घडवावं लागतं

'बायसिकल थीव्ज' ज्या प्रवाहातला आहे त्या नववास्तववादावरचं ठरलेलं उत्तर असं असतं: स्टुडिओऐवजी रस्त्यावर चित्रण, नटांऐवजी साधी माणसं, गरिबीचं खरं दर्शन. हे खरंच आहे. नायकाची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यात काम करणारे कामगार होते. रोमचा मोठा स्टुडिओ चिनेचित्ता, त्या वर्षांत युद्धानं बेघर झालेल्या लोकांची छावणी बनला होता. म्हणजे रस्त्यावर उतरणं ही शैली होती, आणि त्या काळात बऱ्याच अंशी गरजही होती. दे सिकांना अमेरिकेतून पैसा देऊ करणारा निर्माता नायक म्हणून कॅरी ग्रँटला घ्या म्हणत होता. दे सिकांनी नकार दिला. हा नकार निबंधात आलाच पाहिजे, कारण त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. कॅरी ग्रँट गर्दीत हरवू शकला नसता. माज्जोरानी हरवतात, आणि चित्रपटाचा शेवट नेमका त्या हरवण्यावर उभा आहे.

पण इथे थांबलं तर अर्धंच उत्तर झालं. मांडणीवरचा तो शॉट पुन्हा बघा. ती गाठोडी तिथे तशी दिसावीत, कॅमेऱ्याला खालपासून वरपर्यंत एका दमात जाता यावं, नवऱ्याची नजर आधी दाखवून मग ती मांडणी दाखवावी, हे सगळं योजलेलं आहे. चेझारे झावात्तिनी आणि त्यांच्यासोबतच्या अनेक लेखकांनी मिळून ही पटकथा बांधली. साधेपणा इथे मेहनतीनं कमावलेला आहे. ज्या विद्यार्थ्यानं एवढं लिहिलं, की हा चित्रपट वास्तव सापडल्यासारखं वाटावं म्हणून ते बारकाईनं रचतो, त्याच्या उत्तरात दावा आला, पुरावा आला आणि विचारही आला.

एका शॉटची नाळ कुठवर पोचते, हेही बघण्यासारखं आहे. 1950 साली कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीतला तरुण चित्रकार कामासाठी लंडनला गेला आणि तिथे त्यानं हा चित्रपट पाहिला. तो तरुण म्हणजे सत्यजित राय. नवखे कलाकार घेऊन, स्टुडिओबाहेर, तुटपुंज्या पैशांत चित्रपट करता येतो याची खात्री त्यांना तिथे पटली, आणि 1955 मध्ये 'पथेर पांचाली' आला. 1952 च्या जानेवारीत मुंबईला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात दे सिकांचा हा चित्रपट होता. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पुढच्याच वर्षीचा. 'प्रभाव' हा शब्द परीक्षेत उगाच वापरला जातो. पण कोण, कुठे, कधी बसून काय पाहत होतं हे सांगता आलं की त्या शब्दात जीव येतो.

जमिनीपासून हातभर उंचीवर

आता यासुजिरो ओझू यांची 'टोकियो स्टोरी' घ्या, 1953 सालची. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातले म्हातारे आईवडील टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. दोघंही वाईट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते.

ओझूंचा कॅमेरा जमिनीपासून फार वर नसतो, आणि तो सहसा हलत नाही. याचं सगळ्यात लोकप्रिय स्पष्टीकरण असं, की जपानी माणसं चटईवर बसतात म्हणून कॅमेरा खाली. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहायच्या आधी तपासून बघा. ओझूंचा कॅमेरा ऑफिसात खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपुढेही खालीच असतो. आणि चटईवर तर ओझूंच्याच काळातले दिग्दर्शक मिझोगुची यांची पात्रंही बसतात, पण मिझोगुचींचा कॅमेरा लांबच लांब शॉट घेत तरंगत फिरतो. एकाच देशात, एकाच काळात, तशाच घरांमध्ये दोन दिग्दर्शक इतके वेगळे बघत असतील, तर 'जपानी संस्कृती' हे कारण पुरत नाही. विश्व चित्रपटाच्या निबंधातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. परदेशी चित्रपटात काही वेगळं दिसलं की ते त्या देशाच्या स्वभावावर टाकून मोकळं होणं. माणसाची निवड तिथे पुसली जाते.

मग कॅमेरा खाली आणि स्थिर का? अर्थ चित्रपटाच्या आतून लावावा लागतो. त्या उंचीवरून खोलीची खोली दिसते: एकामागे एक सरकते दरवाजे, बोळ, त्यातून ये-जा करणारी माणसं. घर हे इथे आधी दिसतं, माणसं नंतर त्यात येतात आणि निघून जातात. दोन माणसं बोलतात तेव्हा बोलणारा जवळजवळ थेट आपल्याकडे बघत असतो, त्यामुळे आपण आळीपाळीनं दोघांच्याही जागी बसतो. कुणा एकाची बाजू घेणं अवघड होऊन बसतं. आईवडिलांची उपेक्षा करणाऱ्या मुलीबद्दल आपल्याला राग येण्याऐवजी ओळख वाटते, ती यामुळे.

आणि मग तो क्षण. मुलांनी आईवडिलांना अतामीच्या स्वस्त हॉटेलात पाठवलंय. तिथल्या रात्रीच्या गोंगाटाला कंटाळून ते लवकर परत आलेत. मुलीकडे त्या संध्याकाळी तिच्या धंद्यातल्या लोकांची बैठक आहे, त्यामुळे घरात जागा नाही. दोघं टोकियोतल्याच उएनोला जाऊन बसतात. आणि इथे, ज्या चित्रपटात कॅमेरा जवळपास कधीच हलत नाही, तो भिंतीच्या कडेनं हळूहळू सरकत त्या दोघांपाशी येतो. पूर्ण सव्वादोन तासांच्या चित्रपटात अशा हालचाली बोटांवर मोजण्याइतक्या. जोवर डोक्यावर छप्पर होतं तोवर कॅमेरा घरात बसून होता. ते छप्पर गेलं आणि कॅमेऱ्यालाही ठाव उरला नाही. ज्यानं स्थिर शॉट नीट पाहिले असतील त्यालाच ही हालचाल जाणवते. म्हणून सांगावंसं वाटतं, की संयमानं बघणं ही या विषयातली खरी पाठांतराची पद्धत आहे.

संदर्भ इथे जोडायचा. 1947 साली जपानचा कौटुंबिक कायदा बदलला आणि कुटुंबप्रमुखाचा जुना कायदेशीर अधिकार गेला. अमेरिकेचा ताबा 1952 मध्ये संपला. शहरं नव्यानं उभी राहत होती, आणि चित्रपटात टोकियो पहिल्यांदा दिसतं ते कारखान्यांच्या धुराड्यांमधून. गावाकडून निघतानाची बांधाबांध आपण पाहतो आणि थेट धुराडी येतात. मधला अख्खा प्रवास ओझूंनी गाळलाय. कायद्यातला बदल चित्रपटात कुणी बोलून दाखवत नाही. तो कुणाकडे किती खोल्या आहेत आणि त्या कुणासाठी मोकळ्या आहेत, यातून कळतो.

पांढऱ्या भिंतीवरचा मुखवटा

तिसरा चित्रपट सेनेगलचा: उस्मान सेंबेन यांचा 'ब्लॅक गर्ल', 1966, लांबी तासाभराची. सेंबेन मार्सेयच्या गोदीत हमाल होते, मग कादंबरीकार झाले, आणि चाळिशीच्या आसपास मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकले. आपली पुस्तकं ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. फ्रान्सनं 1934 मध्ये एक फर्मान काढून आपल्या आफ्रिकी वसाहतींत परवानगीशिवाय चित्रीकरण करायला मनाई केली होती. हे माहीत असलं की एका आफ्रिकी माणसाचा कॅमेरा आफ्रिकेत फिरतोय ही गोष्टच केवढी मोठी आहे, ते उमगतं.

दिउआना नावाची तरुण मुलगी डाकारमधल्या एका फ्रेंच कुटुंबात मुलांना सांभाळते. ते तिला फ्रान्सला, आंतिबला बोलावून घेतात. तिथे मुलं दिसत नाहीत; स्वयंपाक, धुणं, फरशी एवढंच दिसतं. तिनं कामाच्या सुरुवातीला मालकिणीला एक लाकडी मुखवटा भेट दिला होता. डाकारच्या घरात तो इतर आफ्रिकी वस्तूंमध्ये मिसळून जातो. आंतिबच्या फ्लॅटमध्ये तो पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एकटा टांगलेला आहे. सेंबेन ती भिंत पुन्हा पुन्हा दाखवतात. मुखवटा तोच, बदलली ती त्याच्याभोवतीची जागा, आणि तेवढ्यावर दिउआनाचं काय झालंय ते आपल्याला कळतं. ती माणूस म्हणून आली आणि शोभेची वस्तू झाली.

आवाजाकडेही कान द्या. दिउआना मालकांशी जेमतेम दोन शब्द बोलते, पण तिच्या मनातलं बोलणं आपल्याला सतत ऐकू येतं, तेही अस्खलित फ्रेंचमध्ये आणि दुसऱ्या अभिनेत्रीच्या आवाजात. पडद्यावरचं शरीर गप्प आणि वरचा आवाज अखंड. घरातल्या कुणालाही तो ऐकू येत नाही, फक्त आपल्याला येतो. मालकांना वाटतं हिला काही म्हणायचंच नाही. आपल्याला ठाऊक असतं, की हिचं ऐकणारं त्या घरात कुणी नाही. सेनेगल स्वतंत्र झाला 1960 मध्ये. चित्रपट सहा वर्षांनंतर विचारतो, स्वातंत्र्य त्या फ्लॅटच्या दारापर्यंत पोचलं का?

तीन चित्रपट, एक दावा

आता उत्तरपत्रिकेकडे वळू. समजा प्रश्न आहे: अभ्यासलेल्या चित्रपटांच्या आधारे शैली आणि सामाजिक संदर्भ यांचं नातं स्पष्ट करा. तीन चित्रपटांची तीन पानं लिहिली तर तीन टिपणं होतात, निबंध होत नाही. दावा हवा, आणि तो या तिघांत आधीच दडलेला आहे. 1948, 1953, 1966. तिन्ही चित्रपट एकच विचारतात: घरात जागा कुणाला? रोममध्ये घरातल्या चादरी बाहेर जातात. टोकियोत आईवडील बाहेर जातात. आंतिबमध्ये दिउआनाला बाहेर जाता येत नाही. प्रश्न एक, पण इटलीत तो बेकारीतून आला, जपानात बदलत्या कुटुंबातून, सेनेगलमध्ये वसाहतीच्या वारशातून. म्हणून तिघांची रीतही वेगळी: दे सिका एका माणसावरून गर्दीकडे जातात, ओझू खोलीतून हलत नाहीत, सेंबेन एका देहातून आवाज वेगळा काढतात.

आता परिच्छेद चित्रपटांनुसार न करता मुद्द्यांनुसार करा. एक परिच्छेद जागेचा, एक हालचालीचा, एक आवाजाचा; प्रत्येकात दोन किंवा तीन चित्रपट समोरासमोर. प्रत्येक परिच्छेदात चार गोष्टी आल्या पाहिजेत: काय दिसतं किंवा ऐकू येतं, ते कसं घडवलंय, त्यानं प्रेक्षकावर काय परिणाम होतो, आणि त्या काळाशी त्याचा धागा कुठे जुळतो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं आराखड्याला द्या आणि दावा पहिल्याच परिच्छेदात मांडा. 'ओझू कॅमेरा खाली ठेवून जपानी संस्कृती दाखवतात' या वाक्याला गुण मिळणं कठीण. 'आईवडिलांना रात्रीचा आसरा उरत नाही त्याच ठिकाणी ओझूंचा एरवी स्थिर असलेला कॅमेरा सरकतो, आणि कुटुंबव्यवस्थेतला बदल संवादाशिवाय जाणवतो' या वाक्यात नाव, क्षण, तंत्र, परिणाम आणि संदर्भ सगळं एका ओळीत बसलंय.

तयारीसाठी दहा चित्रपट वरवर बघण्यापेक्षा तीन चित्रपट तीनदा बघा. पहिल्यांदा वही न घेता, रडू येईल तिथे रडत. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे चौकटी बोलायला लागतील. तिसऱ्यांदा डोळे मिटून. 'पथेर पांचाली'त मुलगी दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला हरिहर तिच्यासाठी साडी घेऊन परत येतो आणि तिची आई सर्वजया कोसळते, तेव्हा सर्वजयेचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई वाजते. कानांनी चित्रपट बघायची सवय नसेल तर हा निर्णय निसटून जातो. प्रत्येक चित्रपटातले तीन-चार शॉट निवडून कागदावर चौकट काढा, माणसं कुठे आहेत ते ठिपक्यांनी दाखवा, शॉट किती सेकंदांचा ते घड्याळ लावून मोजा. चित्रकला यायलाच हवी असं नाही. हातानं काढलेली चौकट परीक्षेच्या दालनात अचूक आठवते.

पुण्यात ही विद्या फार आधीपासून शिकवली जाते. जिथे 'प्रभात'चा स्टुडिओ होता त्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि पी. के. नायर यांनी जगभरच्या चित्रपटांची रिळं तिथे जमवली. सतीश बहादूर यांनी एकेक शॉट उलगडून शिकवायची जी शिस्त लावली, त्यातून रसास्वाद शिबिरांची परंपरा घडली. पुढे गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी तीच रीत उचलली. आपल्या भाषेत चित्रपट असा बघायची वाट कधीचीच मळलेली आहे.

म्हणून सरावासाठी शेवटचा प्रश्न आपल्या जवळचा घ्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोन्ती' विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रेक्षकांसाठी मुंबईचं सत्र न्यायालय तितकंच दूरचं होतं, जितकं आपल्यासाठी ओनोमिची. त्या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि स्थिर उभा असतो. आरोपीच्या, वकिलांच्या, न्यायाधीशांच्या चेहऱ्याजवळ जायची संधी असून तो जात नाही. का? तो जवळ गेला असता तर आपण कुणा एकाची बाजू घेऊन मोकळे झालो असतो का? लांब उभं राहिल्यानं खटल्याऐवजी ती खोली, ते बाक, ती कंटाळवाणी यंत्रणाच मुख्य पात्र होते का? आणि ओझूंची स्थिरता आणि ही स्थिरता एकच आहे की दोन वेगळ्या? या चार प्रश्नांची उत्तरं एका पानात, पुराव्यासकट लिहून बघा. ते पान जमलं, तर प्रश्नपत्रिकेत कुठल्याही देशाचं नाव आलं तरी तुमची तयारी झालेली आहे.